केरळ ट्रिपचे ९३ हजार कसे जमवायचे: पहिल्यांदाच लांब निघणाऱ्या घरांसाठी

फॅमिली ट्रिपसाठी पैसे कसे साठवायचे असं कुणालाही विचारा, हमखास एकच उत्तर येतं, एकूण खर्चाला १२ ने भागा आणि दर महिन्याला तेवढे बाजूला टाका. ऐकायला सोप्पंय हो, पण आपल्या घरांचं वर्ष असं सरळ चालतच नाही ना. जूनमध्ये शाळेची फी, वह्या, दप्तर, रेनकोट सगळं एकदम अंगावर येतं, मग गणपती, मग दिवाळी, त्याआधी मे महिन्यात ओळीने लग्नं, आणि मार्चमध्ये ऑफिसवाले उरलेला टॅक्स कापून पगाराला अशी कात्री लावतात की बघायला नको. त्यामुळे सारख्या हप्त्याचा प्लॅन जूनमध्ये बोंबलतो आणि एकदा खंड पडला की जुलैमध्ये परत सुरू करायचा उत्साहच राहत नाही. म्हणून मी सांगतेय ती पद्धत थोडी उलटी आहे, आधी आपलं वर्ष बघायचं, कुठला महिना जड आणि कुठला हलका, आणि त्या हिशोबाने कमी-जास्त टाकत जायचं.

उदाहरण केरळचं घेते कारण मुंबई-ठाणे-पनवेल पट्ट्यातल्या लोकांना कोकण रेल्वेने थेट जाता येतं. घर पाच जणांचं धरूया, नवरा-बायको, १३ आणि ८ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. जायचं दिवाळीच्या सुट्टीत, पण भाऊबीज उरकल्यावर. तुम्हाला राजस्थान नाहीतर हिमाचलला जायचं असेल तर आकडे बदला, रीत तीच.

आधी आकडा काढा

"साधारण लाखभर लागतील" हा आकडा नाही, अंदाजपंचे आहे, आणि त्याच्यासाठी कुणी पैसे साठवत नाही. वही घ्या आणि एकेक ओळ लिहा.

ट्रेन: एलटीटीहून (कुर्ल्याचं लोकमान्य टिळक टर्मिनस) एर्नाकुलम, म्हणजे कोचीचं स्टेशन, नेत्रावती एक्सप्रेस, थ्री एसी, माणशी एका बाजूचे १८०० धरा, येऊन-जाऊन पाच जणांचे १८,००० (बुकिंगच्या वेळी खरं भाडं बघून घ्याच). ८ वर्षांच्या मुलाचं अर्धं तिकीट निघतं पण मग त्याला बर्थ मिळत नाही, बर्थ हवा तर पूर्ण भाडं, आणि रात्रभराच्या प्रवासात आठ वर्षांचं पोर मांडीवर कोण घेऊन बसणार, म्हणून पूर्णच धरलंय. सासूबाईंचं पण पूर्ण, कारण ज्येष्ठ नागरिकांची रेल्वेची सवलत २०२० च्या मार्चपासून बंदच आहे, अजून बऱ्याच जणांच्या डोक्यात ती चालू आहे.
राहणं: २ रूम, ६ रात्री, रूमला १८०० प्रमाणे २१,६००.
तिथली गाडी: ४ दिवस, दिवसाला ३५००, म्हणजे १४,०००.
खाणं: १६,०००.
बोट, पार्क, म्युझियम वगैरे: ६,०००.
निघण्याआधीची खरेदी: ५,०००.
येताना आणायच्या वस्तू: ४,०००.

शेवटच्या दोन ओळी लोक लिहीतच नाहीत आणि तिथेच सगळं फिस्कटतं. ट्रिपच्या आदल्या आठवड्यात मुलांना सँडल हवेत, एका बॅगेची चेन गेलेली असते, सासूबाईंच्या गोळ्या महिनाभराच्या घ्यायच्या असतात, आणि एक पॉवरबँक तर घ्यावीच लागते. येताना पण केळ्याचे वेफर्स, वेलची, मिरी, शेजारच्या काकूंना काहीतरी, ऑफिसात काहीतरी. बेरीज ८४,६००. त्यावर १० टक्के वरखर्चाला धरा, म्हणजे झाले साधारण ९३,०००.

हा आकडा बघून दचकायला होतं, होऊ दे. आत्ता वहीत दचकलेलं परवडतं. आकडा झेपत नसेल तर आत्ताच दोन रात्री कमी करा किंवा स्लीपरने जा, पण खोटा छोटा आकडा लिहून स्वतःची समजूत काढू नका.

मग कॅलेंडर

भिंतीवरचं कॅलेंडर काढा, तेच ते दुधाचा हिशोब लिहायचं. प्रत्येक महिन्याच्या पानावर त्या महिन्यातले ठरलेले मोठे खर्च लिहा, विम्याचे हप्ते, शाळेची टर्म फी, गाडीचा इन्शुरन्स, कुणाची मुंज, कुणाचं लग्न. लिहून झालं की आपोआप दिसतं कुठे श्वास घ्यायला जागा आहे. एका घराचं असं दिसू शकतं:

डिसेंबर ६,०००
जानेवारी आणि फेब्रुवारी ८,००० प्रत्येकी
मार्च ३,०००
एप्रिल १०,०००
मे ४,०००
जून शून्य
जुलै १०,०००
ऑगस्ट ८,०००
सप्टेंबर ३,०००
ऑक्टोबर ४,०००

एकूण ६४,०००. जूनमध्ये शून्य लिहिलंय ते मुद्दाम, कारण शून्य आधीच ठरलेलं असलं की प्लॅन मोडल्यासारखं वाटत नाही. आणि जुलैला इतका भार का, तर आषाढात लग्नं नसतात, सण नाहीत, पावसामुळे बाहेर जाणं कमी, शाळेचा खर्च होऊन गेलेला असतो. आमच्याकडे हा महिना सगळ्यात स्वस्त जातो, तुमच्याकडे कदाचित दुसरा असेल, गेल्या वर्षीचं बँकेचं स्टेटमेंट काढून बघा, खर्चाचा चढउतार लगेच कळतो.

राहिले २९,०००. हे पगारातून नाही काढायचे, वरून आणायचे. त्याचं पुढे सांगते.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते ही एकूण रकमेपेक्षा महत्त्वाची आहे. सगळे पैसे निघायच्या दिवशी लागत नाहीत. ट्रेनचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं (आधी १२० दिवस होतं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० झालं), म्हणजे तिकिटाचे १८,००० ऐन गणपतीच्या आसपास हातात हवेत, आणि त्याच सुमाराला हॉटेलचा अॅडव्हान्स. वरच्या कॅलेंडरप्रमाणे ऑगस्टअखेर ५७,००० जमलेले असतात, म्हणून सप्टेंबरात घरात मखर, मोदक आणि पाहुणे असले तरी तिकीट अडत नाही. दिवाळीच्या बोनसच्या भरवशावर तिकीट ठेवलं तर बोनस यायच्या कितीतरी आधी वेटिंग लिस्ट लागलेली असते.

पैसे ठेवायचे कुठे

पगाराच्या खात्यात नाही, एवढं पक्कं. तिथे ठेवलेले पैसे ट्रिपचे राहत नाहीत, ते फ्रिजच्या रिपेअरिंगचे होतात. दुसऱ्या बँकेत एक साधं सेव्हिंग खातं ठेवा, त्याला यूपीआय जोडू नका, त्याचं एटीएम कार्ड कपाटात ठेवा, आणि पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या महिन्याचा ठरलेला आकडा तिकडे ट्रान्सफर करा. मिनिमम बॅलन्स किती ते आधी विचारून घ्या नाहीतर साठवणुकीतूनच चार्ज कापला जाईल.

आरडी चालते, पण सगळी रक्कम आरडीत नको, कारण आरडीचा हप्ता जूनलाही तेवढाच असतो. जड महिन्यातही निघेल एवढीच लावा, १,००० नाहीतर १,५००, बाकी खात्यात, म्हणजे कॅलेंडरवर जूनसमोर शून्याऐवजी तेवढं लिहायचं आणि दुसऱ्या हलक्या महिन्यातून तेवढंच कमी करायचं. आणि बँकेची आरडी घ्या, पोस्टाची नको. पोस्टाची चांगली असते, महिना १०० पासून सुरू होते, पण ती ५ वर्षांची आहे आणि ३ वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही, दिवाळीच्या ट्रिपला ती कशी पुरणार.

भिशीबद्दल प्रत्येकजण विचारतं. १० बायका, २,००० महिना, दर महिन्याला एकीला २०,००० लागतात. व्याज काही मिळत नाही, पण मैत्रिणींच्या समोर हप्ता चुकवायची लाज वाटते, तोच तिचा फायदा. भिशी करायचीच तर तुमचा नंबर ऑगस्टमध्ये लागेल असं आधीच बोलून घ्या, बाकीच्यांनाही बहुतेकदा दिवाळीच्या तोंडावरचा हवा असतो त्यामुळे ऑगस्टसाठी फार भांडण होत नाही. ओळखीतल्या, रोज तोंड दिसणाऱ्या बायकांचीच भिशी, कुणाच्या कुणाच्या ओळखीने चाळीस जणांची लिलावाची भिशी असेल तर लांबून नमस्कार.

पतसंस्थेत दोन टक्के जास्त मिळतात म्हणून ट्रिपचे पैसे तिकडे टाकू नका. बँकेतल्या ठेवींना ५ लाखांपर्यंत डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेची ठेव-विमा संस्था) विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवींना नसतो. ९३ हजारावर दोन टक्क्यांनी वर्षात किती मिळतात ते काढून बघा, अठराशे-एकोणीसशे, ते पण पूर्ण रक्कम पहिल्या दिवसापासून ठेवली तर. एवढ्यासाठी कोण जीव टांगणीला लावेल.

वरचे २९ हजार

यातले १२,००० बोनसमधले धरा, तेही बोनस नक्की मिळतोच अशी नोकरी असेल तर. हे शेवटी येतात म्हणून ते तिथल्या खर्चाला, गाडी आणि खाण्याला.

७,००० घरातल्या पडून असलेल्या सामानातून. मुलाची लहान झालेली सायकल, स्टडी टेबल, जुना मोबाईल, कुणीतरी लग्नात दिलेला न उघडलेला डिनर सेट. सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ओएलएक्सपेक्षा तिथे पटकन जातं आणि घासाघीसही कमी होते. फोटो दिवसा उजेडात काढा, किंमत लिहा, "इनबॉक्स करा" लिहू नका, लोक कंटाळतात. ओएलएक्सवर टाकलंत आणि कुणी म्हणालं की पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा, तर लगेच ब्लॉक. पैसे घ्यायला कधीच स्कॅन करावं लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही.

राहिलेले १०,००० कष्टाचे. ज्यांना शिकवता येतं त्यांनी परीक्षेआधी दोन महिने दहावीच्या मुलांचं गणित घ्यावं, ज्यांचा हात शिलाईवर बसलाय त्यांनी लग्नसराईत फॉल-पिको. आणि ज्यांना गच्ची आहे त्यांच्यासाठी वाळवण. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सगळेच घेतात आणि त्याचे पैसे ट्रिपच्या दृष्टीने फार उशिरा येतात, शिवाय फराळ करून दमलेली बाई दोन दिवसांनी ट्रेनमध्ये बसणार, नको ते. एप्रिलमधलं वाळवण बरं.

कुरडया आता फार कमी घरात होतात म्हणून त्यांना भाव आहे. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून चीक काढायचा, तो रात्रभर ठेवून वरचं पाणी ओतून टाकायचं, सकाळी उन्हं वर यायच्या आत मोठ्या पातेल्यात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा, तो हलवायला एक दणकट माणूस लागतो कारण गुठळी झाली की संपलं, आणि गरम असतानाच सोऱ्यातून प्लास्टिकवर पाडायच्या. एवढं सगळं असताना पाहुणीबाई म्हणतात की बाजारात पाकीट स्वस्त मिळतं. मिळतं ना, मग घ्या. भाव सांगताना गव्हाबरोबर गॅस, प्लास्टिक, पॅकिंग आणि तुमच्या दोन दिवसांची मजुरी धरूनच सांगा, आणि अर्धे पैसे आधी घ्या. ओळखीतल्या चार घरांपुढे जाऊन दुकानात वगैरे ठेवायचं असेल तर एफएसएसएआयचं (सरकारचं अन्न सुरक्षेचं खातं) बेसिक रजिस्ट्रेशन करून घ्या, फी किरकोळ असते.

मुलांना पण यात घ्या. वाढदिवसाला आजी-आजोबा, मामा जी पाकिटं देतात त्यातली निम्मी रक्कम त्यांच्या स्वतःच्या नावाने वहीत लिहा आणि सांगा की तिथे गेल्यावर हे तुमचे, काय हवं ते घ्या. मग दुकानासमोर रडारड होत नाही, उलट आठ वर्षांचं पोर लाकडी हत्तीची किंमत तीनदा विचारतं.

तिकीट काढायचा दिवस

आयआरसीटीसीचं अकाउंट आधार ऑथेंटिकेशन करून आधीच तयार ठेवा, बुकिंग उघडतं त्या पहिल्या वेळात तशाच अकाउंटना तिकीट काढता येतं. पाचही जणांची नावं-वयं मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवा. सकाळी ८ ला बुकिंग उघडतं, पावणेआठला लॉगिन करून बसा, पेमेंटचा फोन हाताशी. दिवाळीनंतरच्या गाड्या किती लवकर भरतात ते विचारू नका. परतीचं तिकीट त्याच दिवशी मिळणार नाही, त्याचे ६० दिवस नंतर भरतात, म्हणून मोबाईलमध्ये दोन वेगळे अलार्म लावा आणि हॉटेल दोन्ही तिकिटं हातात आल्यावरच पक्कं करा, तोपर्यंत फुकट कॅन्सल होणारं बुकिंग ठेवा.

हॉटेलवाल्याला फोन करा, नुसतं अॅपवर थांबू नका. अॅपवरचा रेट सांगून विचारायचं, डायरेक्ट घेतलं तर किती, आणि ब्रेकफास्ट धरून किती. फोनवर रूमचा रेट टॅक्स धरून आहे ना ते विचारा, रात्रीला ७,५०० पर्यंतच्या रूमवर ५ टक्के जीएसटी लागतो. इन्स्टाग्रामवर सुंदर फोटो आणि फक्त यूपीआयने पूर्ण अॅडव्हान्स मागणारे होमस्टे असतील तर आधी मॅपवर शोधा, तिथल्या नंबरवर फोन लावा, दोन्ही नंबर जुळत नसतील तर सोडून द्या.

दिवाळी ही केरळात तिथल्या लोकांची मोठी सुट्टी नाही, पण आपले आणि गुजराती लोक मुन्नारला इतके असतात की चहाच्या मळ्यात "अहो, इकडे बघा" ऐकू येतं. त्यामुळे मुन्नार आधी बुक करा, कोची नंतर केलं तरी चालतं. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिकडे परतीचा पाऊस असतो, दुपारनंतर कोसळतो, म्हणून डिसेंबरपेक्षा रेट जरा नरम मिळतात. फिरायचं ते सकाळी, छत्री बरोबर.

तिथे गेल्यावर पैसे कुठे वाचतात

हाऊसबोट. सगळ्यांना अलेप्पीला (म्हणजेच आलप्पुळा) हाऊसबोटीत रात्र काढायची असते आणि पाच जणांचा तो एकच आकडा दोन दिवसांचं बजेट खातो. बॅकवॉटर बघायचंय ना, तर केरळ सरकारच्या जलवाहतूक विभागाच्या बोटी आलप्पुळा-कोट्टायम अशा रूटवर रोज चालतात, एसटीसारख्या, तिकीट पण तसंच किरकोळ. शाळेची मुलं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, मधेच एखाद्या घराच्या पायरीला लागून बोट थांबते, कुणीतरी उतरतं. दोन-अडीच तास कालव्यातून आणि तलावातून जाते. हाऊसबोटीची हौस असेलच तर रात्र न काढता तीन-चार तासांची शिकारा बोट घ्या.

कोचीत वॉटर मेट्रो आहे, २०२३ ला सुरू झाली, एसी बोट, मुलं खूश, आणि खास फेरीच्या बोटीपेक्षा कितीतरी स्वस्त. त्या दिवशी गाडी ठेवूच नका, चार दिवसांची गाडी धरलीय ती मुन्नार आणि प्रवासासाठी. मुन्नारला केएसआरटीसीच्या, म्हणजे केरळच्या एसटीच्या, साईटसीईंग बस पण असतात, दोघेच असाल तर त्या फार परवडतात, पाच जणांत सासूबाईंचे गुडघे धरून गाडीच बरी.

जेवण दुपारी लोकल हॉटेलात "मील्स" घ्या, भात, सांबार, थोरन (खोबरं घातलेली सुकी भाजी), पापड, हवं तेवढं वाढतात. टुरिस्ट हॉटेलातल्या पनीर बटर मसाल्यावर पैसे घालवायला केरळात कशाला जायचं. ट्रेनसाठी दशम्या, चटणी, चिवडा, दिवाळीचा उरलेला फराळ घरूनच, एका बाजूचं दोन वेळचं खाणं सुटतं.

बहिणीचं किंवा दिराचं कुटुंब बरोबर असेल तर मोठी गाडी निम्म्यात पडते, पण पहिल्याच दिवशी ठरवा की गाडी आणि बोट निम्मी-निम्मी, जेवण टीटीएमएम. हे मोघम ठेवलं की परत आल्यावर सहा महिने कुणाचे किती राहिले यावर कुजबुज चालते.

हे नको

ट्रिपसाठी पर्सनल लोन नको. "आत्ता फिरा, नंतर भरा" वाल्या ईएमआयवर प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी असतो, नो कॉस्ट लिहिलेलं असलं तरी एकूण किती भरणार ते लेखी मागा, आणि तीच टूर रोख भरली तर डिस्काउंट किती ते पण विचारा, त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे खरं व्याज. गॅलरीत बसून फोटो बघत पुढच्या दिवाळीपर्यंत हप्ते भरायचे, त्यापेक्षा या वर्षी चार दिवस एसटीने गणपतीपुळे करा. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ७५ च्या पुढच्यांना फुकट, पाच जणांच्या घराला ती ट्रिप अगदी थोडक्यात होते.

ऑफिसला एक प्रश्न

पगाराच्या स्लिपवर एलटीए (रजेतल्या प्रवासाचा भत्ता) अशी ओळ आहे का बघा. असेल आणि तुम्ही जुन्या टॅक्स रेजीममध्ये असाल तर ४ कॅलेंडर वर्षांच्या ब्लॉकमध्ये २ वेळा देशातल्या प्रवासाच्या भाड्यावर टॅक्स वाचतो. फक्त भाडं, हॉटेल-जेवण नाही. नव्या रेजीममध्ये ही सूट मिळत नाही. बरोबर नेलेले आईवडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचं तिकीट पण धरतात, पण सासूबाई म्हणजे नवऱ्याची आई, तेव्हा क्लेम नवऱ्याच्या ऑफिसात करायचा, बायकोच्या नाही. त्या काळात रजा मंजूर असल्याचा कागद लागतो, म्हणून रजेचा अर्ज तोंडी नको, सिस्टीममध्ये टाका. तिकिटांची पीडीएफ ईमेलमध्ये वेगळ्या फोल्डरला ठेवा आणि आल्या आल्या क्लेम टाका, जानेवारीत एचआरचा प्रूफ मागणारा मेल येतो तेव्हा अर्ध्या लोकांना तिकीट सापडत नाही.